पाचवी सही

आमच्या ह्यांचा जीव एका रेकॉर्डच्या कव्हरात अडकलाय. आपल्याकडे रॉक अँड रोल नुकतं कुठे रांगायला लागलं होतं, तेव्हाचा पाच जणांचा ग्रुप. कव्हरवर चौघांच्या सह्या, ड्रमवाल्याची तेवढी नाही. तिच्यासाठी वीस वर्षं पत्रं खरडली. माझा वाढदिवस कधी असतो विचारा, लगेच ततपप.

रविवारी संग्राहक मंडळाचं प्रदर्शन होतं. पाचही सह्या असल्या तर कव्हर मधल्या काचपेटीत, नाहीतर दरवर्षीसारखं दाराजवळ, चहाच्या थर्मासशेजारी.

शुक्रवारी सिंक तुंबलं म्हणून प्लंबर बोलावला. सत्तरी उलटलेला म्हातारा. काम उरकून हात पुसत तो भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या त्या कव्हरपुढे थांबला.

"हा मागे ड्रमवर बसलाय ना, तो मीच. केस होते तेव्हा."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! पण ह्यांना कुठला विश्वास. "कशावरून?"

"हातच्या कांकणाला आरसा कशाला? कागद द्या."

माझ्या सामानाच्या यादीमागे त्याने चौघांच्या चारही सह्या फराफरा ठोकल्या. हुबेहूब कव्हरवरच्या!

"कार्यक्रम संपला की ते चौघं पसार व्हायचे," तो म्हणाला. "मग गाडीत बसून त्यांच्या सह्या मीच करायचो."

ह्यांचा चेहरा असा पडला की मला हसू आवरेना.

"आणि तुमची स्वतःची?" मी विचारलं.

"ड्रमवाल्याची कोण मागतंय, ताई?"

माझं हसू तिथंच थांबलं. वाईट वाटलं मला. ह्यांनी फ्रेम उतरवली, कव्हर बाहेर काढलं आणि आपलं पेन पुढे केलं. पाना धरून आखडलेल्या बोटांनी त्याने सही केली, पार वाकडीतिकडी. मग बराच वेळ तिच्याकडे बघत बसला.

रविवारी मंडळाचे तज्ज्ञ भिंग घेऊन आले. त्यांच्यापुढे आमचे हे जन्मभर फक्त मान डोलावत आलेत.

"चार अस्सल," तज्ज्ञ म्हणाले. "पाचवी बनावट. तेवढी पुसा, मग मधली पेटी तुमचीच."

हे घाबरत घाबरत उठले. आता खिशातून रुमाल काढतात की काय, म्हणून मी डोळेच मिटले.

"पुसायच्याच असतील," हे म्हणाले, "तर त्या चार पुसा."

यंदाही आम्ही थर्मासशेजारीच आहोत. प्लंबर यायचाय. त्याच्यासाठी मी खुर्ची धरून ठेवलीय.