तन्वीचा मासा

मित्रांनो, फणसाच्या लाकडात कोरलेला मी एक जुना ठसा आहे. आकाराने बांगडा, पाठीला मूठ. देवगडजवळच्या एका गावात दाजी सुतारांनी मला घडवले आणि बालवाडीच्या रुक्मिणीबाईंच्या हातात दिले.

बाईंनी मला जीव लावला. ताटलीत रंगाने भिजवलेला स्पंज असे. मुले कधी भेंडीचे काप, कधी बटाटा त्यावर टेकवत आणि कागदावर दाबत. पण खरी ओढाताण माझ्यासाठी. कुणाचा मासा उलटा यायचा, कुणाचा बिनशेपटीचा. बाई हसून म्हणायच्या, "उलटो इलो? येऊंदे! त्याका जंय जावचा आसा, तो जायत तिकडे." मग सगळे कागद दोरीवर लागत. मला वाटे, या बाई आपल्या आहेत.

तन्वी मात्र रंगाला हातच लावत नसे. बोटे चिकट झाली की रडायची. बाईंनी तिला कधी जबरदस्ती केली नाही. पावसाळा गेला, थंडी आली, आणि एके सकाळी तिने आपणहून मला उचलले. दोन्ही हातांनी दाबले, सगळा भार टाकून. कागदावर एक निळा डाग उमटला. त्यातून एक डोळा तेवढा दिसत होता.

"माजो मासो!" ती ओरडली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आले.

पुढच्याच आठवड्यात बालवाडी पाहायला तालुक्याहून पाहुणे येणार होते. शेजारच्या गावातल्या बालवाडीचे फार कौतुक झाले होते, ते बाईंना लागले असावे. मुले घरी गेल्यावर त्यांनी दार लोटले आणि मला हातात घेतले. एकेका कोऱ्या कागदावर त्यांनी मला अलगद टेकवले. खवलान् खवला उमटला. प्रत्येक माशाखाली त्यांनी एकेका मुलाचे नाव लिहिले. दोरीवरचे कागद चुरगळून चुलीसाठी पिशवीत गेले. तन्वीचा डागही गेला. मित्रांनो, ज्या हातांवर माझा सर्वांत जास्त विश्वास होता, त्याच हातांनी मला खोटे बोलायला लावले.

पाहुणे खूश झाले. "एवढ्याशा मुलांचा हात किती स्थिर!" असे म्हणून त्यांनी फोटो काढले.

तन्वी दोरीखाली मान वर करून फिरत होती. "बाई, माजो मासो खंय आसा?"

"हा काय, तुझाच आहे गं. बघ, खाली नाव लिहिलंय," बाई पाहुण्यांकडे बघत म्हणाल्या.

"ह्यो माजो नाय."

पाहुण्यांनी हसून तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती पुन्हा काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी ताटली मांडली आणि मला तिच्यापुढे धरले. तन्वीने दोन्ही हात पाठीमागे घेतले. "तुमीच काडा. तुमचो बरो येता."

 बाईंनी पुष्कळ समजावले, पण तन्वीने मला परत कधी उचलले नाही. आता मी कपाटात असतो.

मित्रांनो, तुमचा मासा वाकडा आला तर तो तसाच भिंतीवर लावा. कुणी तो नीट करून तुमच्या नावावर टाकला, तर तन्वीसारखे "माझा नाही" म्हणा, आणि कुणी हसले तरी पुन्हा म्हणा. दाजींनी मला तोंड कोरले, पण आवाज दिला नाही. तुम्हाला तो आहे.