खुर्चीखालच्या चपला

ओल्या अंगाने, पायाची वाळूसुद्धा न झटकता, दुसऱ्याच्या खुर्चीत जो फतकल मारून बसतो त्या माणसाला काय म्हणावं, मित्रांनो? वर कुणी हटकलं तर म्हणतो, "लाकूडच आहे, वाळेल." आमच्या घरचा धाकटा असाच आहे. धंद्याने रंगारी, स्वभावाने वारा. हातातला ब्रश पुसायला सबंध घरात त्याला माझाच पाय सापडतो. माझा एक पाय निळा आहे आणि एक पिवळा, ते काही मी हौसेने रंगवून घेतलेले नाहीत. तेही मी सोसलं. पण गेल्या सुट्टीत त्याने जे केलं ते सोसण्यापलीकडचं होतं. घाबरू नका. शेवट गोड झाला, म्हणून तर तोंड उघडलंय. नसता झाला, तर मी माळ्यावर मुकाट पडून राहिले असते.

मी एक जुनी, घडीची, कापडी खुर्ची आहे. शाळेतल्या खुर्च्या वेगळ्या. त्यांच्या डोळ्यांपुढून चार अक्षरं तरी जातात. मी वाळूत शिकले.

एका मोडक्या दाराच्या चौकटीतून सुताराने मला घडवलं आणि तंबूचं जाड, पट्ट्यापट्ट्यांचं कापड वर ताणून बसवलं. करवून घेणारी होती आमची थोरली. या घरची थोरली सून म्हणून आली, आता सासू झाली, आजी झाली, पण नाव थोरलीच राहिलं. गुडघ्यांमुळे तिला वाळूत बसता येईना, म्हणून माझा जन्म. सुतार म्हणाला, "बाई, दहा वर्षं हिला काही होत नाही."

"आणि अकराव्या वर्षी मी खाली आपटू?" थोरली म्हणाली.

त्याने निमूट आणखी स्क्रू मारले. म्हणून मी आज तुमच्याशी बोलते आहे.

किनारे मी पुष्कळ पाहिले. पहिला होता लांबच लांब, पण पाण्यापेक्षा माणसं जास्त. आंघोळ करून आलेला माणूस गेला त्याहून मळका होऊन यायचा. दुसऱ्यावर सगळे काळे गोटे. माझ्या चार पायांचं तिथे कधी एकमत झालं नाही. तिसऱ्या ठिकाणी एक टोपीवाला आला आणि म्हणाला, इथे बाहेरची खुर्ची चालत नाही, आमचीच भाड्याने घ्या. थोरलीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "समुद्रही तुमच्या वडिलांनीच भरून ठेवलाय का?" तिने विचारलं, आणि संध्याकाळपर्यंत तिथून हलली नाही.

मग सापडलं हे लहानसं गाव. किनारा विळ्यासारखा वळलेला. एका टोकाला खडक, दुसऱ्या टोकाला मासेमारांच्या पालथ्या होड्या. मधोमध एका निवृत्त नर्सबाईंच्या भाड्याच्या खोल्या, निळ्या खिडक्यांच्या. पायरी उतरली की वाळू. विहिरीचं पाणी गोड, आणि सकाळी पाववाल्याच्या सायकलची घंटी वाजली की उठायचं, एवढाच काय तो कायदा. थोरलीने पहिल्याच दिवशी मला उघडलं, बसली, आणि म्हणाली, "बास. आता जग बघायचं झालं." तेव्हापासून दरवर्षी इथेच.

इथे आमच्या घरची एक रीत पडली. पाण्यात जाणाऱ्याने आपल्या चपला माझ्याखाली ठेवायच्या आणि बाहेर आल्यावर उचलायच्या. आधी हे कुत्री चपला पळवतात म्हणून होतं. पुढे ती घरची हजेरीच झाली. थोरलीला लांबचं दिसत नाही. ती समुद्राकडे बघतच नाही, वाकून माझ्याखाली बघते. चपला आहेत, म्हणजे माणूस पाण्यात. चपला नाहीत, म्हणजे माणूस बाहेर. कुणी हसलं की म्हणते, "पाण्यात सगळ्यांची डोकी सारखीच दिसतात. चपला नाही दिसत सारख्या."

हे मोठं जोखमीचं काम माझ्याकडे होतं, मित्रांनो. तरी एका वर्षी मला घरीच टाकून गेले. सूनबाईंनी प्लॅस्टिकची गुलाबी खुर्ची आणली होती, हलकी म्हणे. माझ्या वाट्याला माळा आला, आणि उंदराने माझं कापड कुरतडलं. ती गुलाबी बया पहिल्याच वाऱ्याला उडून समुद्रात गेली. हलकं असणं म्हणजे काय ते घरादाराला कळलं. परत आल्यावर सूनबाईंनीच मला खाली काढलं आणि दुहेरी शिवण घालून ठिगळ लावलं. तेव्हापासून त्यांचं माझं बरं जमतं.

आता गेल्या सुट्टीचं ऐका. दुपारी वारा वाढला, लाटा उंच यायला लागल्या. एकेक जण बाहेर आला, चपला उचलून गेला. थोरलीचा मुलगा आला, सूनबाई आल्या, नात आली. माझ्याखाली एकच जोड उरला, धाकट्याचा, रंगाच्या थेंबांनी भरलेला. थोरली मटार सोलत होती.

"आले नाहीत का अजून भावजी? माशांना रंग देत बसले असतील," ती म्हणाली.

आणखी थोड्या वेळाने तिने पुन्हा वाकून पाहिलं. मग पुन्हा. मटार सोलणारा हात थांबला. तिचे यजमान घड्याळं दुरुस्त करतात, त्यांचं सगळं सावकाश. ते म्हणाले, "येईल गं. पट्टीचा पोहणारा आहे तो."

"पट्टीचेच बुडतात. न पोहणारे माझ्यासारखे खुर्चीत बसतात."

तेवढ्यात नातीने साधं विचारलं, "आजी, चपला आहेत म्हणजे छोटे आजोबा पाण्यातच आहेत ना?"

मुलगा खडकांकडे पळाला. यजमान पाण्याच्या कडेने नावाने हाका मारत निघाले. सूनबाईंनी नातीला पोटाशी धरलं.

थोरली उठली. या घरात ती नवी नवरी म्हणून आली तेव्हा हा दीर आई गेलेलं पोर होतं. तिचं बोट मुठीत धरल्याशिवाय झोपत नसे. पण दीर तो दीर, त्याला तिने जन्मभर भावजी म्हटलं, रागावतानासुद्धा "अहो"च म्हटलं. त्या दिवशी ती पाण्यापाशी गेली आणि समुद्राकडे तोंड करून बारीक आवाजात म्हणाली, "अरे, ये रे बाहेर. ये ना रे." माझ्या लाकडात कळ उठली, मित्रांनो.

मग ती मागे फिरली. मला मिटून काठीसारखं हातात घेतलं. त्या चपला, ज्यांना ती नेहमी ओंगळ म्हणायची, दुसऱ्या हाताने छातीशी धरल्या. आणि होड्यांच्या टोकाकडे निघाली. जिला पायरी उतरताना दोघांचा आधार लागतो, ती बाई मऊ वाळूतून चालत होती. तिचं सगळं वजन माझ्यावर होतं. इतकं वजन मी कधी पेललं नव्हतं, पण मोडले नाही.

होड्यांपाशी एक म्हातारा मासेमार जाळं सांधत बसला होता.

"होडी काढा," थोरली म्हणाली. "आमचा माणूस पाण्यात आहे."

तो लगेच उठला. "काढतो बाई. पण ही नको, पलीकडची काढू. हिचा रंग ओला आहे."

"नुसता ओला नाही, दुसरा हात बाकी आहे अजून," होडीच्या पलीकडून आवाज आला. "कुणी टेकू नका तिला."

आणि कोपरापर्यंत हिरवागार झालेला आमचा रंगारी ब्रश घेऊन पुढे आला. त्याने आधी वहिनीला पाहिलं, मग तिच्या गुडघ्यांकडे. "वहिनी, तुम्ही इथवर चालत आलात?"

थोरलीने मला झटक्यात उघडलं आणि चपला तशाच छातीशी धरून बसली.

"लाटेने वाहत या टोकाला आलो," तो सांगू लागला. "बाहेर पडतो तर हे गृहस्थ होडी रंगवताहेत. सरळ पट्टा येईना हो त्यांना. म्हटलं, जरा दाखवतो."

"मी विचारलं होतं, घरी सांगून आलात का," मासेमार म्हणाला. "तर म्हणाले, सांगायचं कशाला, माझ्या चपला आहेत ना तिथे."

धापा टाकत मुलगा पोचला. मागून यजमान आले, सूनबाई आल्या, आणि नात छोट्या आजोबांच्या हिरव्या हातांची पर्वा न करता त्यांच्या कमरेला जाऊन चिकटली. यजमान वाळूत बसले, खांदे गदगदा हलवत हसले आणि मग चष्मा काढून डोळे पुसत राहिले. मुलगा म्हणाला, "काका, तुमचा दुसरा हात होऊ द्या, मग मी तुम्हाला बुडवतो." सगळ्यांच्या छातीवरची धोंड उतरली होती. वारा तोच होता, लाटा त्याच होत्या, पण त्यांचा आवाज पुन्हा सुट्टीतला वाटायला लागला.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. समुद्रावरून आणलेल्या खुर्चीचं खारं अंग गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, ती तुम्हाला उभं आयुष्य उचलून धरील. पण माणसांची हजेरी तिच्यावर सोडू नका. मी चपला सांभाळू शकते. त्या कुणाच्या हे मला कळतं. तो माणूस कुठे आहे हे मला कळत नाही. कुठे जायचं असेल तर तोंडाने सांगून जा, दोन शब्द लागतात.

होडीपाशी हसणं ओसरलं तरी थोरली गप्पच होती. धाकट्याचं तोंड उतरलं. तो तिच्या पायांपाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "वहिनी, शिव्या द्या, पण काहीतरी बोला."

थोरलीने छातीशी धरलेल्या चपला सोडवल्या आणि त्याच्यापुढे वाळूत नीट जोडून ठेवल्या.

"घाला," ती म्हणाली. "भावजी, तुमच्याइतका बेपर्वा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. आणि मला तो डोळे मिटेपर्यंत रोज बघायचाय."