गोड अळंबी

हन्ना मास्तरीण आणि तिची धाकटी जाऊ दीना यांच्यात विळ्याभोपळ्याचं सख्य. नळावरून पेटलेलं भांडण बहात्तरच्या दुष्काळात असं चिघळलं, की परसात मधोमध भिंत उभी राहिली. 'पाणी उकळून पाज' म्हणून हन्नानं सांगितलं, तर दीनानं मुद्दाम पोरांना गढूळ पाणी पाजलं होतं. इतकी खुन्नस!

पुढच्या वर्षी नगरच्या चर्चच्या बागेत अळंबीच्या ताटलीएवढ्या पांढऱ्या छत्र्या उगवल्या. शाळेत शास्त्र शिकवणाऱ्या हन्नानंही अशी जात कधी पाहिली नव्हती. एक तिनं घरी आणली, देठ काढून कोऱ्या कागदावर ठेवली आणि वर परात झाकली. सकाळी पाहते तो कागदावर छत्रीतून झडलेली हिरवी पूड! पुस्तकात हिरव्या पुडीची जात एकच होती, आपल्याकडे क्वचित सापडणारी आणि विषारी. एवढी दुर्मीळ जात हाती लागली म्हणून तिला नाचावंसं वाटलं. तेवढ्यात भिंतीपलीकडून लसणाच्या फोडणीचा वास आला. काल दीनानंही त्याच बागेतून ओटीभर छत्र्या खुडून नेल्या होत्या!

ती धावत गेली. चुलीवर पातेलं, भोवती दीनाची दोन्ही पोरं ताटल्या घेऊन बसलेली. दीनानं रश्श्यातून चांदीचा रुपया काढून उजेडात धरला होता. रुपया काळा पडला नाही म्हणजे अळंबीत विष नाही, ही तिची पारख.

'विष' हा शब्द हन्नाच्या ओठांवर आला. पण आपण नको म्हटलं की ही हटकून वाढणार! तिनं तो शब्द गिळला आणि हसली.

"अळंबी का गं? लई गोड लागते. घाल पोरांना पोटभर."

दीनाची पळी थांबली. "तुमी कवापासनं माज्या पोरांचं भलं बघाया लागलात, मास्तरीणबाई?"

"अगं, रुपया पांढराच आहे की. वाढ, वाढ."

दीनानं तिच्याकडे रोखून पाहिलं, आणि पातेलं उचलून उकिरड्यावर पालथं केलं.

दुपारी उकिरड्यावर दीनाच्या दोन कोंबड्या मरून पडल्या. मग काय, गल्ली गोळा झाली. "माजी पोरं माराया आलीवती ही! गोड बोलून 'पोटभर घाल' म्हनली!"

पाळकसाहेब आले. हन्नाच्या टेबलावरचा हिरव्या पुडीचा कागद त्यांनी पाहिला.

"विषारी आहे हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"होतं."

"तरी खा म्हणालात?"

"म्हणाले."

गल्लीत कुणीतरी थुंकलं. भिंतीपलीकडं पोरं भाकरीसाठी भांडत होती. हन्ना कान देऊन ऐकत राहिली, दोन्ही आवाज येत होते.