गोरेगावची भाची

कांजूरमार्गला मिठागराच्या बाजूला मंडळाची पत्र्याची शेड होती. दुपारी तिथं मालनच्या हाताखाली बायका शिवण शिकायच्या, संध्याकाळी कारखान्यातून सुटलेले पुरुष सुतारकाम करायचे, रविवारी कुणी रेडिओ उघडून बसायचं. हत्यारं सगळ्यांची, जागा सगळ्यांची, भाडं वर्गणीतून. आणि रात्री तिथं सहदेव झोपायचा. एवढी एक गोष्ट मंडळाच्या कुठल्याच नियमात नव्हती आणि कुणाच्या तोंडातही नव्हती.

ठाऊक मात्र सगळ्यांना होतं. दुपारी आलेल्या बायकांना दोरीवर लुंगी वाळत घातलेली दिसायची. ती त्या बाजूला सारायच्या आणि आपली कापडं टाकायच्या. पहिल्या पाळीला जाणाऱ्या रतन फिटरला बंद शेडमधून स्टोव्हची फरफर ऐकू यायची. तो पाय उचलून पुढं जायचा. अध्यक्ष भीमराज पोस्टात कारकून, शब्द जपून वापरणारा माणूस. वार्षिक सभेत तो दर वर्षी ठराव मांडायचा, की यंदाही आपली शेड रात्रीची सुरक्षित राहिली याबद्दल सभा समाधान व्यक्त करते. कुणामुळे राहिली, ते ठरावात नसायचं. टाळ्या पडायच्या. सहदेवही वाजवायचा.

शेडच्या कोपऱ्यात एक लांबरुंद लाकडी पेटी होती. तिच्यावर निळ्या रंगात ‘जयंतीचं सामान’ असं रंगवलेलं. कधीकाळी तिच्यात खरंच पताका आणि झालरी होत्या. त्या उंदरांनी खाल्ल्या. मग तिच्यात सहदेवची वळकटी आली, घोंगडी आली, ताट-तांब्या आणि जास्तीचा सदरा आला. सकाळी सगळं आत, झाकण बंद, वर रंधा नाहीतर करवत. जयंती जवळ आली की मंडळ नव्या पताका विकत आणायचं, पण पेटी उघडायचं नाही. पेटी उघडायची नाही, हा रिवाज कुणी न ठरवता पडला होता आणि तो सगळ्यांनी मोठ्या निष्ठेनं पाळला. कारण उघड आहे. माणसाची अब्रू राखायला काही लागत नाही. त्याला जागा द्यायची तर आपली थोडी कमी होते.

सहदेवला आधी विक्रोळीला खोली होती. बायको गेली त्यानंतर धाकट्या भावाचं लग्न झालं, तेव्हा हा म्हणाला, “मला एकट्याला कशाला खोली?” लोक असं बोलतात, आणि समोरच्यानं दोनदा तरी नको म्हणावं अशी आशा धरतात. भावानं एकदाही म्हटलं नाही. भांडुपच्या एका कारखान्यात सहदेव बदली कामगार होता. बोलावलं तर काम, नाही तर गेटवरून परत. दुसऱ्या खोलीची पागडी त्यातून निघणारी नव्हती. पण बायको गेल्यापासून त्याला तसंही कशाचं फार वाटत नसे. बराच वेळ मांडी घालून बसलं की पाय आपला राहत नाही, तसं त्याचं सगळं अंग झालं होतं.

चौऱ्याहत्तरच्या डिसेंबरात मालकानं शेड परत मागितली. त्याला तिथं गोदाम बांधायचं होतं. मंडळाला मुलुंडला एका शाळेतली खोली मिळाली, पण संध्याकाळपुरती. रात्री शिपाई कुलूप लावणार आणि किल्ली त्याच्याचकडे राहणार. सभेत भीमराजनं हे वाचून दाखवलं तेव्हा एकानंही सहदेवच्या दिशेला मान वळवली नाही. इतक्या माणसांनी एकाच वेळी मान न वळवणं, यालासुद्धा सराव लागतो.

“शेड रिकामी करायला स्वयंसेवक पाहिजेत,” भीमराज म्हणाला. “प्रमुख कोण होणार?”

“सहदेवभाऊच,” रतन म्हणाला. “त्यांच्याइतकी शेड कुणाला माहितीय?”

ठराव मंजूर झाला.

रविवारी सगळे आले. फुकट कामाला माणूस आला की दोन गोष्टी बघाव्यात, तो काय उचलतो आणि कुठं ठेवतो. रतननं मेजावरचा, लाकूड आवळून धरायचा शेगडा तेवढा सोडवला. लोखंडी, जड, कामाचा. “नवीन जागेत बसवेपर्यंत माझ्याकडं राहील,” म्हणाला. मशिनी मालननं स्वतः मोजून टेम्पोत चढवल्या आणि टेम्पोवाल्याला तंबी दिली, “एकीची सुई जरी वाकली ना, तर तुझ्याच सदऱ्यावर सरळ करीन.” भीमराज हातात फडकं घेऊन हिंडत होता. त्यानं फडकं कशावरही फिरवलं नाही, पण ते हातातून खालीही ठेवलं नाही.

सहदेव मागच्या भिंतीशी वाकून सुतारी मेजाचे बोल्ट काढत होता. प्रमुखाला सगळ्यात जुनं गंजलेलं काम मिळतं.

मग रतन आणि आणखी दोघं पेटीपाशी आले. तिघं थबकले.

“ही?” एकजण म्हणाला.

“जयंतीचं सामान आहे ते,” भीमराज लगबगीनं पुढं आला. “जपून. आडवी करू नका.”

“शाळेत ठेवायची का?”

“शाळेत नको रे. पोरं उघडतील.” भीमराजनं आवाज खाली आणला. त्याच्या मनात त्या क्षणी निव्वळ चांगुलपणा होता, हे त्याच्या खात्यावर मांडलं पाहिजे. “माझ्या घरी माळ्यावर राहू दे. कुणी हात लावणार नाही. जयंतीपर्यंत.”

तिघांनी पेटी अशी उचलली की जणू आत काचेची झुंबरं आहेत. आत ताटावर तांब्या आपटला. तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

“झालरी,” रतन म्हणाला.

“झालरीच,” भीमराज म्हणाला.

सहदेवनं पाना हातात धरून बघितलं. त्यानं एक शब्द म्हटला असता तर पेटी खाली आली असती. पण तो शब्द उच्चारायचा म्हणजे इतक्या वर्षांचा सगळ्यांचा खोटेपणा भर उन्हात मांडायचा, आपला धरून. लोकांनी इतकं सांभाळून घेतलं, त्यांना असं उघडं कसं पाडायचं? टेम्पो सुरू झाला. त्यानं पुन्हा बोल्टला पाना लावला. बोल्ट निघाला.

संध्याकाळपर्यंत शेड रिकामी झाली. मालननं केर काढला. मालकाचा माणूस येऊन किल्ली घेऊन गेला आणि दाराला आपलं कुलूप लावून गेला. सगळे बाहेर उभे राहिले. भीमराजनं दोन वाक्यांत आभार मानले. आता निघायचं, एवढंच राहिलं होतं.

तेवढ्यात मालन म्हणाली, “सहदेवभाऊ, आज झोपणार कुठं?”

मालनला हा दोष होता. तिला दिसलं की ती बोलायची.

प्रत्येकाच्या तोंडावर हिशोब दिसू लागला. रतनच्या खोलीत आई, बायको, तीन पोरं; तो निर्धास्त होता, त्याला जागाच नव्हती. मालनकडे सासू-सासरे आणि एकच खोली. म्हणून तर ती मोकळ्या मनानं विचारू शकली. भीमराजकडे दोन खोल्या होत्या. त्यामुळं सगळ्यात जास्त घाम त्याला फुटला.

सहदेवनं भीमराजकडे बघितलं आणि त्याला त्या माणसाची दया आली.

“गोरेगावला,” तो म्हणाला. “भाची आहे माझी. कधीची बोलावतेय.”

सगळ्यांच्या छातीतून एकदम श्वास सुटला.

“अरे, मग झकास,” रतन म्हणाला. “बोलला नाहीत कधी?”

“सख्खी भाची?” भीमराजनं विचारलं. आता त्याच्या आवाजात मायाही आली होती.

“सख्खीच.”

“मग आरेतून जाणारी बस पकडा ना. थेट. चला, आम्ही नाक्यापर्यंत येतो.”

“नको, मी जाईन.”

“असं कसं? प्रमुख तुम्ही.”

सगळं मंडळ त्याला पोचवायला नाक्यावर आलं. शेडमध्ये आठवडेच्या आठवडे कुणी त्याला चहा विचारला नव्हता. आज रतननं चहा पाजला, आणखी कुणीतरी भाचीसाठी केळी घेतली. बस आली तशी भीमराजनं हात दाखवून ती थांबवली आणि कंडक्टरला बजावलं, “गोरेगाव. यांना नीट उतरवा.” सहदेव बसमध्ये चढला. त्याला उतरायचं कुठंच नव्हतं, पण उतरू नये म्हणून इतकी माणसं खाली उभी होती. मालन हात न हलवता बघत राहिली.

पवई मागं पडली आणि झाडी सुरू झाली. बाहेर दिवे कमी झाले. सहदेवला भीती वाटली नाही, रागही आला नाही. मांडीवर केळी होती. शेजारी दुधाच्या कॅनवर हात ठेवून एक भय्या बसला होता. त्यानं विचारलं, “कहाँ जाना है?”

सहदेवनं इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरं सांगितलं. अनोळखी माणसाला सांगायला काहीच जड गेलं नाही. “सोने को जगह नहीं है,” तो म्हणाला.

भय्यानं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. “घास उतारोगे? सुबह चार बजे गाडी आती है.”

“उतारूंगा.”

दोघं आरेतल्या एका तबेल्यापाशी उतरले. कंडक्टरनं ओरडून सांगितलं, गोरेगाव अजून पुढं आहे. सहदेवनं हात केला. गवताच्या गंजीच्या कडेला त्याला एक पोतं मिळालं. केळी त्यानं आणि भय्यानं वाटून खाल्ली.

पुढच्या रविवारी मुलुंडच्या खोलीत तो सगळ्यांच्या आधी हजर होता. सदरा तोच. केसांत गवताची काडी, अंगाला म्हशींचा वास. एकेकजण आत आला, वास घेतला आणि खिडकी उघडली.

“काय, भाची बरी आहे?” भीमराजनं विचारलं.

“बरी आहे.”

“मुलंबाळं?”

“आहेत.”

“आणि म्हशी?” मालन मशीनवरून न बघता म्हणाली.

रतन शेगडा न आणल्याचं कारण सांगायच्या बेतात होता, तो थांबला.

“आहेत,” सहदेव म्हणाला. “बऱ्याच आहेत.”

मालननं दोरा तोडला. आठवडाभर ती बायकांच्या उरलेल्या चिंध्या जोडत होती. त्यांची गोधडी तिनं मशीनखालून ओढून काढली, घडी घातली आणि त्याच्या हातात दिली. जाड होती, एका माणसाच्या मापाची.

“ही भाचीला द्या,” ती म्हणाली. “आरेत गारठा असतो.”

आरे कसं आलं मध्ये, असं कुणीच विचारलं नाही. सहदेवनं गोधडी काखेत मारली. आता काही वाटेल म्हणून त्यानं थोडा वेळ वाट बघितली. तसं काही वाटलं नाही. फक्त ती गरम होती, नुकती मशीनखालून आली होती म्हणून.

“वा,” भीमराज म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर सभेतलं समाधान आलं. “मंडळातर्फे म्हणून सांगा हं तिला.”

“सांगतो,” सहदेव म्हणाला.