कंदिलाला न कळलेला वायू

मी एक जुना वायुमापक आहे. जुना म्हणजे तीनच वर्षांचा. पण माझ्यासारख्याला एवढं वय पुष्कळ झालं.

मित्रांनो, माझ्या पोटात कार्बनच्या नळ्या आहेत, केसाहून हजारो पटींनी बारीक. त्यांच्यावर कथिलाच्या ऑक्साइडचे इवलेसे कण बसवले आहेत. विषारी वायू या कणांना शिवला की नळ्यांतून वाहणारी वीज बदलते आणि मी ओरडतो. वायू ओळखायला नुसत्या कणांना फार तापवावं लागतं, नळ्यांच्या संगतीत थोडक्या उष्णतेत भागतं. त्यांचं हे लग्न नागपूरच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्रणालीनं जुळवलं.

मग तिनं मला सौंसरजवळ बोरगावला, तिच्या गुणवंताकाकांच्या घरी आणलं. मला प्रत्येक वासाचं भारी कुतूहल. कांद्याच्या फोडणीलाही मी बोंब ठोकली. सगळे हसले. काकांनी माझी बॅटरी काढून मला फडताळात टाकलं. तिथं मी दोन वर्षं धूळ खात पडलो. फार वाईट वाटलं.

यंदा उन्हाळ्यात संत्र्याच्या बागेतली विहीर उपसायची होती. पाणी खोल, म्हणून पेट्रोलचा पंप विहिरीतल्या टप्प्यावर ठेवून सकाळभर चालवला. गाळ काढायला उतरण्याआधी काकांनी रीतीप्रमाणे दोरानं कंदील खाली सोडला. तो जळत राहिला, म्हणजे खाली हवा ठीक आहे असं त्यांनी मानलं. काकांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"काका, थांबा. इंजिनाचा विषारी वायू खाली साचला असन. कंदिलाले तो समजत नाही," सुट्टीवर आलेली प्रणाली म्हणाली.

"दिवा तं जळून राहिला, पोरी. तुही डबी फोडणीलेही बोंबलते."

"एकडाव तिले उतरवून तं पाहा."

तिनं मला पुसलं, बॅटरी घातली, बादलीत ठेवून खाली सोडलं. मला भीती वाटत होती. पुन्हा चुकलो तर? पण अर्ध्यावरच कण शहारले. वर तिच्या मोबाइलवर माझा आकडा बाराशेवर गेला, माणूस बेशुद्ध पडेल एवढा. कंदील मात्र माझ्याशेजारी शांत जळत होता.

काकांनी पाय मागे घेतला.

"मी खाली पडलो असतो," ते म्हणाले, "अन् मले काढाले तूच उतरली असती."

प्रणाली रडू लागली.

मित्रांनो, मला पुसत जा, बॅटरी भरून ठेवा, चुकलो तर दुरुस्त करा. मी एकटाच आहे. मी बोरगावात असताना तिकडे दुसऱ्या गावी, तिगावच्या विहिरीत कुणी उतरलं, तर मला इथून ओरडता येणार नाही. तिथं तुम्हीच त्याला थांबवा.