तीन नंबरचं लाल बटण

सोमवारी सकाळी नऊ वाजता तीन नंबर प्रेसचं लाल बटण मशीनवरून निघून माझ्या टेबलावर आलं. मी केबिनमध्ये शिरले तेव्हा ते स्टेपलरशेजारी होतं. लिंबाएवढं, तुळतुळीत. मागे वायर नाही, स्क्रू नाही.

मी तशीच खाली गेले. मशीनवर जिथे हे थांबवायचं बटण होतं तिथे आता सपाट लोखंड होतं आणि त्यावर हिरवा रंगसुद्धा दिलेला होता. मशीन चालू होतं. समोर भानुदास वाघचौरे उभा होता, एकोणीस वर्षांपासूनचा आमचा ऑपरेटर. आम्ही गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या बनवतो. पत्रा आत ठेवायचा, हात बाहेर काढायचे, वरून दट्ट्या येतो, बिजागरी तयार होते.

"मॅडम, मशीन थांबंना," भानुदास म्हणाला. "आणि मला बाजूला होता येईना. पाय निघत नाहीत. हात आपसूक पत्र्याकडे जातात."

"दुखतंय का?"

"नाही. दट्ट्या वर गेला की वीस मोजेपर्यंत खाली येत नाही. तोवर हात निघतात."

तो मोठ्याने मोजत होता. मेंटेनन्सचे मुलाणी मेन स्विच पाडून आले. दिवे गेले, पंखे थांबले, बाकीची अकरा मशीनं गप्प झाली. तीन नंबर चालूच राहिलं.

"ब्रेक गेलाय याचा," मुलाणी म्हणाले. "महिन्यापूर्वी लिहून दिलं होतं तुम्हाला. आता तुमच्या टेबलावरचं बटण दाबलं तरच थांबेल. आणि थांबलं की आठ दिवस खोलून बसावं लागेल."

"तुम्हाला काय वाटतं, दाबावं?"

"अहो दाबा की! विचारताय काय?"

मी वर आले. बटण आवळ्याएवढं झालं होतं.

आता माझ्याबद्दल एक सांगून टाकते, म्हणजे पुढे मला बोल लावायला सोपं जाईल. मी या प्लांटची प्रमुख आहे आणि मी कुठलीही गोष्ट एकटीने ठरवत नाही. अकरा वर्षांपूर्वी एकदा ठरवली होती. एका सप्लायरचा माल मी परत पाठवला. माल खराबच होता, पण वरच्या साहेबांनी भर मीटिंगमध्ये, चाळीस माणसांसमोर, मला म्हटलं, "सबनीस बाई, तुम्हाला कुणी विचारलं होतं?" त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले. तेव्हापासून मीच सगळ्यांना विचारते. मागच्या वर्षी मला त्याबद्दल कंपनीचा पुरस्कार मिळाला, सर्वांना सोबत घेऊन चालणारं नेतृत्व म्हणून. फ्रेम केबिनमध्ये आहे. खिळा कुठे ठोकायचा तेही मी तिघांना विचारलं होतं.

म्हणून मी डिस्पॅचच्या गाडगीळला बोलावून विचारलं. बटणाकडे बघून तो म्हणाला, "शुक्रवारी चार हजार बिजागऱ्या गेल्या नाहीत तर तिकडे गाड्यांच्या कंपनीची लाइन थांबेल, मॅडम. मग आपलं नाव कायमचं गेलं. पण भानुदासचंही बघायला हवं. अवघड आहे."

खालून भानुदासचा आवाज आला. "मॅडम, अठरापर्यंतच होतंय!"

मी काही मठ्ठ नाही. एकाला विचारलं की बटण थोडं आक्रसतं आणि भानुदासचा एक आकडा जातो, हे मला तेव्हाच कळलं. मी तोंडावर हात ठेवून दहा मिनिटं बसून राहिले. मग पुण्याला डायरेक्टर साहेबांना फोन लावला. वरच्यांना विचारणं म्हणजे विचारणं नव्हे, कळवणं, अशी मी मनाची समजूत घातली.

"प्लांट तुमचा आहे," साहेब म्हणाले. "तुम्ही लीडर आहात. टीमला विश्वासात घ्या, म्हणजे झालं."

फोन ठेवला. खालून सतराच्या पुढे आवाज गेला नाही.

मंगळवारी मीटिंग घेतली. नऊ जण होते. बटण बशीत घालून टेबलाच्या मध्यभागी ठेवलं. मी रात्रभर स्वतःला बजावलं होतं की आज विचारायचं नाही, फक्त सांगायचं. मी उठून उभी राहिले. नऊ चेहरे माझ्याकडे बघत होते, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या तोंडी ते जुनं वाक्य तयार आहे असं मला वाटलं.

"आधी एक राउंड घेऊ या," मी म्हणाले. "प्रत्येकाने आपलं मत सांगा."

एचआरच्या देशमाने बाई म्हणाल्या, दोन्ही बाजू बघायला हव्यात. क्वालिटीवाला म्हणाला, आणखी डेटा हवा. एकाने विचारलं की हे लेखी येईल का. मुलाणी कोपऱ्यात बसले होते. त्यांची पाळी आली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "दाबा. कालही तेच सांगितलं." बशीत शेवटी हरभऱ्याएवढं काहीतरी उरलं. मीटिंग फार छान झाली, असं जाताना सगळ्यांनी मला सांगितलं.

भानुदास आता आठपर्यंत मोजत होता. त्याच्या पाठीवर शर्ट चिकटला होता.

बटण मी कुंकवाच्या करंड्यात घालून घरी नेलं, टेबलावर ठेवलं आणि झाडणाऱ्या बाईने उचललं तर काय घ्या! सकाळी पोहे खाताना मी नवऱ्याला म्हणाले, "अहो, काय करू हो मी?" तोंडातून गेलंच. जीभ हासडून ठेवावी असं झालं मला. ते म्हणाले, "ऑफिस घरी आणू नकोस," आणि लिंबू पिळायला लागले. करंड्यात मसुरीएवढा ठिपका होता.

बुधवारी मी सरळ खाली गेले. सगळे माझ्यामागून आले, मुलाणी, गाडगीळ, देशमाने बाई, सगळे. भानुदास सातपर्यंत मोजत होता, भराभर, श्वास न घेता. हातमोजे घासून फाटले होते. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"भानुदास," मी म्हणाले, "तूच सांग. दाबू?"

तो हसला. वाईट हसला.

"एकोणीस वर्षांत तुम्ही मला काही विचारलं नाहीत, मॅडम. टार्गेट वाढवलं तेव्हा नाही, मदतनीस काढला तेव्हा नाही. आणि आज विचारताय होय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अकरा वर्षं मी ज्यांना ज्यांना विचारत आले ते सगळे माझ्या मागे उभे होते, आणि हा एकटा समोर. मी ठरवलं. खरंच ठरवलं, देवाशप्पथ, अगदी एकटीने. साहेब काय म्हणतील ते म्हणोत, गाड्यांच्या लाइनी थांबोत नाहीतर जळोत. मी करंडा उघडला. तळाशी मोहरीएवढा लाल दाणा होता. तो मी चिमटीत धरून बाहेर काढला आणि तो बोटांतून निसटून खाली पडला.

"कुठे गेलं?" मी ओरडले.

सगळे गुडघ्यांवर बसले. फरशीवर तेल होतं, पत्र्याचा चुरा होता. भानुदास पाचवर आला होता.

"दिसतंय का कुणाला?"

चार.

"अहो नीट बघा ना, तुमच्याकडे आलंय का?"

तीन. आता कुठे माझ्या लक्षात आलं, मी काय करतेय ते. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. मुलाणींनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, चांगलं केलंत अशी. आम्ही दहा-अकरा माणसं हातांनी फरशी चाचपत पुढे सरकत होतो आणि वर भानुदास एक-दोन-तीन, एक-दोन-तीन म्हणत होता.

ते मलाच सापडलं. मशीनच्या पायाशी, माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाखाली. खसखशीच्या दाण्याएवढं, टणक, जरासं कोमट. डोळ्यांना दिसत नव्हतं पण बोटाला कळत होतं. नुसता भार द्यायचा होता. मी पदर तोंडातून काढला, कारण मला रडू आलं होतं आणि श्वास घ्यायचा होता. एवढा आनंद मला पुरस्काराच्या दिवशीही झाला नव्हता.

सगळे थांबून माझ्याकडे बघत होते. देशमाने बाई, गाडगीळ, क्वालिटीवाला, सगळे गुडघ्यांवर, ओठ किंचित उघडे. भानुदासही बघत होता.

"दाबू ना?" मी म्हणाले.

मुलाणींनी डोळे मिटून घेतले. माझ्या बोटाखाली फरशी होती, तेलकट आणि सपाट.

"एक, दोन," भानुदास म्हणाला. दट्ट्या आपटला, वर गेला, आणि पत्रा घेऊन त्याचे दोन्ही हात पुन्हा आत गेले.

"एक," तो म्हणाला.