आपल्या भागात उपलब्ध नाही

खेळांच्या वाहिनीच्या तक्रार विभागात तिचं उभं आयुष्य गेलं होतं, आणि आज सगळ्यात मोठा तक्रारदार तिच्याच घरात पलंगावर बसला होता.

"लाव की गं, सुरू झाला असेल," बाबा म्हणाले.

खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना जिना उतरता येत नव्हता. नाहीतर स्टेडियम मागच्याच गल्लीत. तिथं त्यांची नात, म्हणजे तिची भाची, आज पहिल्यांदा गावाच्या संघाची गोलरक्षक म्हणून उभी राहणार होती.

टीव्हीवर नुसती निळाई आणि एक ओळ: हा सामना आपल्या भागात उपलब्ध नाही.

ही वाहिनी सुरू केली ती एका वायरमननं. गच्च्यांवरून तारा ओढून तो वर्गणीदारांना सामने दाखवायचा. पहिली वर्गणी बाबांची. तेव्हा क्लबवाल्यांनी अट घातली: जे दोन संघ खेळणार, त्यांच्या गावांत सामना दाखवायचा नाही, नाहीतर तिकिटं कोण काढणार? पुढे वायरमनकडून वाहिनी एका शेटनं घेतली, शेटकडून कंपनीनं, आणि त्या कंपनीला दुसरीनं गिळलं. नाव बदललं, वर्गणी फुगली. अट तेवढी घराण्यातल्या दम्यासारखी खाली उतरत आली.

"आज एक तिकीट शिल्लक नाही. मग लपवता कोणापासून?"

"नियम आहे, बाबा."

"हे तुझ्या गिऱ्हाइकांना सांग. मी बाप आहे."

रेडिओचे हक्कही कंपनीनंच घेऊन कुलूपबंद ठेवलेले. स्टेडियममध्ये बसलेल्या भावाचा फोन त्या गर्दीत लागेना. शेवटी तिनं ऑफिसचा लॅपटॉप उघडला. कळलं असतं तर नोकरीवर गदा आली असती, पण तिनं वर्गणीदारांच्या यादीतला बाबांचा पत्ता खोडून मावशीच्या गावचा टाकला.

पडदा काळा झाला. मग पुन्हा निळा. तीच ओळ.

तिनं कपाळावर हात मारला. आजचा पाहुणा संघ मावशीच्याच गावचा! रोज लोकांना घोकून दाखवायचा नियम, आणि घाईत नेमका तोच विसरली. पत्ता दिवसातून एकदाच बदलता यायचा; आता उद्यापर्यंत तो बदलणार नव्हता.

"सोनारानंच कान टोचावेत म्हणतात," बाबा म्हणाले. "तू तर फाडलास."

तिनं रागानं खिडकी सताड उघडली. बाहेरून आरोळी आली.

"चांगलं झालं काहीतरी," बाबा म्हणाले. "सगळं गाव आपलं. ओरडलं की बरं. गप्प झालं की पोरीनं गोल खाल्ला."

तेवढ्यात सगळं गप्प झालं.

बाबांनी तिचं मनगट धरलं. शांतता लांबत गेली. आणि मग तावदानं थरथरतील असा जल्लोष उसळला.

"अडवला! पेनल्टी असणार, पोरीनं अडवली!" त्यांचे डोळे भरून आले. हसतच ते टीव्हीकडे वळले, आणि हसू मावळलं.

"कुठं झेपावली असेल गं? डावीकडे की उजवीकडे?"